डोनाल्डमामाची बहीण

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात सरले असेल, त्यांस रविवार हा दिवस दूरदर्शनावाचून आठवणे जवळजवळ अशक्यच आहे. मग ते घर बडोद्यात असो, इंदुरात असो, हैदराबादेस असो की बेळगावास. घरात बोलली जाणारी भाषा मराठी असो वा अन्य कोणती. ठराविक वेळी त्या हिंदी शीर्षकगीताचे सूर कानी पडले, की गल्लीतला खेळ अर्धवट टाकून मुले घराकडे धूम ठोकीत. ज्यांच्या घरी संच नसे, ती शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर येऊन बसत. पडद्यावर बदकांचे एक कुटुंब अवतरे. डोक्यावर उंच टोपी, नाकावर चष्मा आणि हाती काठी असा एक कोट्यधीश म्हातारा, आणि त्याच्यामागे धावणारी लाल, निळ्या व हिरव्या सदऱ्यांतील तीन पोरे. मालिकेचे नाव होते ‘डक टेल्स’.

मूळ अमेरिकन मालिका १९८७ ते १९९० या काळात निघाली आणि तिचे बरोबर १०० भाग झाले. तिच्यातील म्हातारा स्क्रूज मॅकडक मात्र त्याहून बराच जुना. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली एका चित्रकथेसाठी त्याला जन्मास घातले. तो स्कॉटलंडमधून आलेला, बूट पुसून मिळविलेले पहिले नाणे आयुष्यभर जपून ठेवणारा, आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या कोठारात रोज पोहणारा. त्या कोठारात तीन घन एकर पैसा आहे, असे बार्क्स आपला लिहून जातो. एकर हे क्षेत्रफळाचे माप. त्याचा घन करावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे कोणत्याही गणिताच्या मास्तरांस सांगता यावयाचे नाही. परंतु स्क्रूजची श्रीमंती अशा अशक्य मापानेच मोजण्याजोगी होती, आणि आम्हा मुलांना ते न सांगता पटत असे.

२०१७ साली ही मालिका नव्याने निघाली. जुनीच पात्रे, जुनेच गाव, शीर्षकगीताची चालही जुनीच. पण चित्रे नवी, आवाज नवे आणि कथा पुन्हा पहिल्यापासून. २०२१ च्या मार्चमध्ये ती संपली. आपल्या लहानपणीची एखादी गोष्ट कोणी पुन्हा घडविली, की आपण साशंक होतो, हे स्वाभाविकच आहे. मीही साशंक होतो. आणि ती मी पाहिली ती स्वतःच्या हौसेने नव्हे, तर माझ्या भाच्याच्या सोबतीने. त्यामुळे या दोन मालिकांविषयी मला जे सांगावयाचे आहे, त्यात चित्रकलेपेक्षा नात्यागोत्याचा भाग अधिक येईल. वाचकांनी तो चालवून घ्यावा.

प्रथम नात्याविषयीच बोलू. इंग्रजीत त्या तीन मुलांचा डोनाल्ड हाही ‘अंकल’ आणि स्क्रूज हाही ‘अंकल’. हिंदी रूपांतरातही स्क्रूज ‘अंकल’च राहिला. अंकल या शब्दाची मोठी सोय अशी, की तो काहीच सांगत नाही. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, शेजारचे गृहस्थ, रिक्षावाले, सारे त्यात मावतात. पण आपल्या भाषेला इतके मोघम बोलून भागत नाही. ह्यूई, ड्यूई आणि लूई ही डोनाल्डच्या बहिणीची मुले. म्हणजे डोनाल्ड त्यांचा मामा. स्क्रूज हा डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे डोनाल्डचा मामा. तेव्हा मुलांच्या दृष्टीने तो आजीचा भाऊ, आईचा मामा. सगळे नाते आईच्या बाजूचे आहे. मुले आहेत, मामा आहे, मामाचाही मामा आहे. आणि ज्या एका व्यक्तीमुळे हे सारे एकमेकांचे कोणी लागतात, ती व्यक्तीच कोठे नाही.

मामा म्हटले की आई आलीच. ‘अंकल’ म्हटल्याने ती येत नाही. आम्ही त्या काळी हिंदीतून पहात होतो, अंकल म्हणत होतो, म्हणूनच कदाचित आम्हांपैकी कोणाला कधी विचारावेसे वाटले नाही की या पोरांची आई कोण आणि कोठे आहे. जुन्या मालिकेच्या आरंभी डोनाल्ड आरमारात भरती होतो आणि मुलांना स्क्रूजच्या हवाली करून निघून जातो. मामा गेला, याचे कारण सांगितले आहे. आई का नाही, याचे नाही.

याची पूर्वकथा मोठी गमतीची आहे. ही मुले प्रथम १९३७ साली वर्तमानपत्रातील चित्रपट्टीत आली. मुलांच्या आईने डोनाल्डला पत्र लिहिले होते, की यांच्या वडिलांच्या खुर्चीखाली मोठा फटाका फुटल्यामुळे ते इस्पितळात आहेत, तरी तोवर मुलांना तुझ्याकडे पाठवीत आहे. फटाका कोणी लावला असेल, हे सांगावयास नको. पुढच्याच वर्षी याच मुलांवर एक छोटा चित्रपटही निघाला. म्हणजे मुले काही दिवसांच्या बोलीवर आलेली होती. वडील बरे झाले की नाही, आईने परत बोलावले की नाही, याचा पुढे कोणी पत्ता दिला नाही. काही दिवसांसाठी मामाकडे पाठविलेली मुले ऐंशी वर्षे तेथेच राहिली!

आणि तरीही ते आम्हांला खटकले नाही, याचे आणखी एक कारण मला सुचते. मामाचे घर म्हटले की आपल्या मनात सुटी उभी राहते. आंबे, पत्ते, गच्चीवरची झोप, आईचा धाक थोडा सैल झालेला, कारण आई स्वतःच माहेरी आलेली असते आणि तिलाही कोणाची तरी मुलगी व्हावयाचे असते. जुने ‘डक टेल्स’ हे असे न संपणारे आजोळ होते. उद्या शाळा आहे असे कोणी म्हणावयाचे नाही. विमानात बसावयाचे, लाँचपॅडने ते कोठेतरी आपटावयाचे, खजिना शोधावयाचा, संध्याकाळी घरी परतावयाचे. आई असती तर तिने यातील एकाही गोष्टीस परवानगी दिली नसती. परीकथांत आईबापांना आधीच दूर सारतात, ते याचसाठी.

माझी धाकटी बहीण सैन्यातील परिचारिका आहे. २०१९ साली तिची बदली अशा ठाण्यावर झाली, की जेथे कुटुंब नेता येत नाही. मेहुणे नोकरीनिमित्त परदेशी होते. तेव्हा मुलाला एका वर्षापुरते आमच्याकडे, बडोद्यास ठेवावे असे ठरले. तो आठ वर्षांचा होता. त्याने येताना स्वतःची उशी आणली होती, आणि ‘वर्ष म्हणजे किती रविवार?’ हे त्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडून लिहून घेतले. बावन्न.

त्याला रमविण्यासाठी मी जुन्या मालिकेचे भाग मिळवून दाखविले. माझ्या मनात आपल्या बालपणीची मौज त्याच्या हाती देण्याची हौस होती. पहिला भाग संपतो न संपतो तोच त्याने विचारले, “मामा, यांची आई कुठंय?” मी म्हटले, “ती गोष्टीत नाही.” त्यावर तो म्हणाला, “गोष्टीत नाही, पण असेल ना कुठंतरी.” आम्ही चार-पाच वर्षे ती मालिका पाहिली, पण हे वाक्य आमच्या गल्लीत कोणाच्या तोंडून निघाले नव्हते.

नवी मालिका आहे, आणि तीत आई आहे, हे त्याला शाळेतील मित्रांकडून कळले. मग आम्ही ती इंग्रजीतून पाहू लागलो.

नव्या मालिकेविषयी माझ्या तक्रारी आहेत, त्या प्रथम सांगून टाकतो. पात्रे अतोनात जलद बोलतात. एका विनोदावर हसून होण्यापूर्वी दुसरा येऊन आदळतो. जुन्या मालिकेत पार्श्वभूमीची चित्रे रंगवलेली असत, डोंगर डोंगरासारखा आणि धुके धुक्यासारखे. तिचे पुष्कळसे काम जपानमधील टोकियो मूव्ही शिन्शा या संस्थेत झाले होते आणि त्या हाताची सफाई डोळ्यांना सुखवीत असे. नव्या मालिकेतील रेषा धारदार, कोनाकोनांची आणि छापील चित्रकथेची आठवण देणारी आहे. ती वाईट नाही. परंतु धुक्यात थांबून बसावे असे तीत स्थळ नाही. स्क्रूजचा जुना नोकर डकवर्थ नव्या मालिकेत मरून भूत झालेला आहे आणि भूत होऊनही घरकाम सांभाळतो, ही कल्पना मात्र मला मनापासून आवडली.

पूर्वीची तीन मुले म्हणजे वस्तुतः एकच मूल होते. तिघांचे आवाज रसी टेलर या एकाच अभिनेत्रीने दिले होते. सदऱ्याचा रंग झाकला तर ह्यूई कोणता आणि लूई कोणता हे ओळखू येत नसे. नव्या मालिकेत तिघांना तीन आवाज आहेत आणि तीन स्वभाव आहेत. ह्यूई नियमावलीला धरून चालणारा, ड्यूई सर्वांनी आपल्याकडे पहावे म्हणून धडपडणारा, लूई आळशी, गोडबोल्या आणि पैशाचा वास येणारा. वेबी ही पोर जुन्या मालिकेत बाहुली कवटाळून मागे मागे राही आणि बहुधा तिला सोडवून आणावे लागे. आता तीच सर्वांत धीट आहे. तिची आजी, मिसेस बीकली, पूर्वी मुले सांभाळणारी साधी बाई होती. आता ती निवृत्त गुप्तहेर आहे. जुन्या मालिकेत मला ठळक आठवते अशी आई म्हणजे फेंटन या कारकुनाची, आणि ती डोक्याला कर्लर लावून दिवसभर दूरचित्रवाणीपुढे बसलेली. नव्या मालिकेत तीच बाई पोलीस खात्यात अधिकारी आहे. तीस वर्षांत जग कोठून कोठे आले, हे मोजण्यास मला ही एक खूण पुरते.

आता मुख्य गोष्ट. नव्या मालिकेत डोनाल्ड आरमारात जात नाही. तो एका नावेवर मुलांना घेऊन राहतो, गरिबीने राहतो, आणि भित्रा पालक झाला आहे. स्क्रूजशी त्याचे दहा वर्षे बोलणे नाही. का नाही, हे मुलांना ठाऊक नाही. पहिल्याच कथेच्या शेवटी ड्यूईला एक जुने चित्र सापडते, आणि त्यात स्क्रूज व डोनाल्ड यांच्या बरोबरीने झुंजत असलेली एक स्त्री दिसते. ती आपली आई आहे, हे तो ओळखतो. आणि ही गोष्ट तो भावांनाही सांगत नाही. कितीतरी भागांपर्यंत एकटाच वेबीला हाताशी धरून शोध घेत राहतो. ज्या प्रश्नाला इतकी वर्षे फारसा कोणी हात लावला नव्हता, त्यावरच या मालिकेने आपले घर बांधले.

उत्तर कळते ते असे. तिचे नाव डेला. ती डोनाल्डची जुळी बहीण आणि त्याच्याहून धाडसी. मुले अजून अंड्यांतच होती. तिच्यासाठी स्क्रूजने गुप्तपणे एक अग्निबाण बांधविला होता; भेट म्हणून द्यावयाचा होता. तिने तो आधीच शोधून काढला आणि कोणाला न सांगता उड्डाण केले. वाटेत वादळ झाले, ती हरवली. डोनाल्डने मामाला दोष दिला आणि अंडी घेऊन निघून गेला. मुले स्क्रूजवर चिडतात, त्याचे घर सोडून जातात. त्यांना जे कोणी सांगत नाही आणि आपण प्रेक्षकांना दाखविले जाते ते हे, की पैशावर जीव टाकणाऱ्या या म्हाताऱ्याने तिच्या शोधात अग्निबाणांमागून अग्निबाण पाठविले, आणि त्याच्या कंपनीच्या संचालकांनी आता दिवाळे निघेल म्हणून हात धरले तेव्हाच तो थांबला. जुन्या मालिकेतील कोठार भरलेले असावे, कारण ते भरलेले असणे ही गंमत होती. या प्रसंगानंतर ते कोठार मला निराळे दिसू लागले.

पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटच्या दृश्यात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, डेला दिसते. ती चंद्रावर आहे.

माझा भाचा अंथरुणातून उठून बसला. क्षणभराने म्हणाला, “म्हणजे ती मामाकडेच गेली होती!”

आपण कोणत्याही प्रांतात रहात असा, हे वाक्य आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मराठीत चंद्र हा चांदोमामा. हिंदीत चंदामामा, गुजरातीत चांदामामा, बंगालीत चाँदमामा, तेलुगूत चंदमामा, ओडियात जन्हमामु, तमिळमध्ये अंबुलीमामा. एवढ्या भाषा एकमेकींशी एरवी इतके भांडतात, पण चंद्र हा आईचा भाऊ याविषयी त्यांचे दुमत नाही. त्याच नावाचे मुलांचे मासिक मद्रासहून १९४७ साली निघाले आणि १९५२ पासून ते मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आपल्या घरी येऊ लागले. स्क्रूजचा जन्मही १९४७ चाच. अमेरिकेत ही मालिका रचणाऱ्यांना हे कशाचेही भान असण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखी चंद्र ही दूरची, ओसाड जागा. आमच्या अंथरुणावर बसलेल्या मुलाच्या लेखी आई माहेरी गेलेली होती, आणि माहेरी गेलेली आई परत येते.

दुसऱ्या पर्वातील एक संपूर्ण भाग डेलाच्या चंद्रावरील वर्षांचा आहे. ती एक प्रकारचा काळा चघळगोंद चघळून श्वासापुरती हवा मिळविते, अपघातात गमावलेल्या पायाच्या जागी स्वतःच घडविलेला धातूचा पाय बसविते, मोडका यंत्रभाग पुन्हा पुन्हा जोडते. न पाहिलेल्या मुलांसाठी ती एक अंगाई म्हणते. त्या अंगाईची चाल १९८९ साली निघालेल्या ‘डक टेल्स’च्या व्हिडिओ गेममधील चंद्रावरच्या संगीताची आहे. त्या खेळाची ती यांत्रिक टिकटिक ज्यांनी बोटे दुखेस्तोवर ऐकली असेल, त्यांना ती अंगाई झालेली ऐकताना काय वाटले असेल, ते मी सांगू शकत नाही. माझ्याजवळ तो खेळ नव्हता. मला काय वाटले ते सांगतो. मी त्या वेळी भाच्याकडे पाहिले नाही.

तोवर २०२० साल उजाडले होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली. परिचारिकांना घरी पाठविण्याचे ते दिवस नव्हते. बावन्न रविवारांचा तो कागद संपला, त्यामागे दुसरा चिकटविला, मग तिसरा. बहीण दर रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर दिसे, अनेकदा चेहऱ्यावर मुखपट्टीचे वळ असलेली. मध्यंतरी दोनदा चार-चार दिवसांच्या रजेवर ती आली, पण त्या भेटी पाहुण्यासारख्या झाल्या. भाच्याने तिला आपली सायकल दाखविली, वही दाखविली, आणि चौथ्या दिवशी ती गेली. एका वर्षाची अडीच वर्षे झाली. २०२२ च्या आरंभी तिची बदली पुण्यास झाली आणि नवे घर लागेपर्यंत दोन-तीन महिने ती आमच्याकडेच राहिली.

येताना तिने त्याच्यासाठी दोन सदरे आणले होते. दोन्ही तोकडे झाले. डेला परत येते तेव्हा तिलाही असेच काहीसे भेटते. तिने मुलांची नावे योजून ठेवली होती: जेट, टर्बो आणि रेबेल. परतल्यावर तिला कळते, की डोनाल्डने केव्हाच त्यांची नावे ह्यूई, ड्यूई, लूई अशी ठेवून टाकली आहेत. बारशालाच हजर नसलेली आई! प्रसंग विनोदाचा आहे, आणि तो विनोदानेच घेतला आहे. तोकडे सदरे माझ्या बहिणीनेही हसून परत घडी घातले.

मग एके दिवशी अंगणात खेळताना भाचा पडला आणि त्याचे कोपर सोलवटले. तो रडत आत आला आणि “मामी!” अशी हाक मारली. माझी बहीण दारातच उभी होती. परिचारिका ती, जखम धुण्यास तिच्याइतके योग्य त्या घरात कोणी नव्हते. माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने ते पाहिले, आणि हात पिठाचे आहेत असे सांगून परत आत गेली. हात पिठाचे नव्हते. बहिणीने कोपर धुतले, पट्टी बांधली. कोणीच काही बोलले नाही.

त्या दोन महिन्यांत तिने मुलाला एकदाही रागे भरले नाही. तो उशिरा झोपे, ताटात टाकी, गृहपाठ टाळी. ती माझ्याकडे किंवा माझ्या पत्नीकडे पाही. रागावण्याचा हक्क आपण कोठेतरी ठेवून आलो, असे काहीसे तिच्या मनात असावे. तिने तसे म्हटले मात्र नाही.

‘डक टेल्स’चे दुसरे पर्व तेव्हा भाचा तिला पहिल्यापासून दाखवीत होता. त्यात एक भाग असा आहे: लूई काळाच्या प्रवासाचे यंत्र चोरून वापरतो, भूतकाळातून खजिने उचलतो, आणि त्यामुळे काळाचेच वादळ उठून घरातील माणसे एकेक नाहीशी होऊ लागतात. (जुन्या मालिकेतील गुहेत राहणारे बदकाचे पोर बब्बा येथे क्षणभर दर्शन देऊन जाते, ते पाहून मी एकटाच ओरडलो.) सारे निस्तरल्यावर डेला लूईला शिक्षा करते. आल्यापासून ती मुलांची मैत्रीण होऊ पहात होती, धाडसांना घेऊन जात होती. ही तिची आई म्हणून पहिली कठोर कृती. आणि लूईला ती मान्य नाही. दहा वर्षे नव्हतीस आणि आज आई झालीस काय, हा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे. मालिका येथे त्या दोघांची गळाभेट घडवून आणत नाही. लूई रागावलेलाच राहतो. मुलांच्या चित्रमालिकेत इतके प्रामाणिक मी दुसरे काही पाहिलेले नाही, आणि जुन्या मालिकेवर माझा कितीही जीव असला, तरी तिच्या शंभर भागांत असे एकही स्थळ नाही हे मला मान्य केले पाहिजे.

भाग संपल्यावर माझी बहीण पडद्याकडे पहात म्हणाली, “दादा, त्या बाईला किती भीती वाटली असेल रे.” भाच्याने विचारले, “कसली? वादळाची?” तिने उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गृहपाठ न करता तो सायकल घेऊन निघाला, तेव्हा तिने सायकल कुलूप लावून ठेवून दिली. आवाज चढविला नाही. पण कुलूप लावले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मामा, तू सांग ना तिला.” मी वर्तमानपत्र वाचीत होतो, ते तसेच वाचीत राहिलो. तो पत्नीकडे गेला. तिला त्याच वेळी देवापुढे दिवा लावावयाचा होता. मग तो दिवसभर, किंबहुना दीड दिवस फुगून बसला. जेवणही त्याने भिंतीकडे तोंड करून केले. बहीण त्या रात्री गच्चीवर एकटी बसली होती. मी वर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्याहारीच्या वेळी तिच्याशी भांडला, अगदी मोठ्याने, ‘तुला काही कळतच नाही’ अशा शब्दांत. पाहुण्याशी असे कोणी भांडत नाही. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढले.

नव्या मालिकेचा शेवट मला पसंत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. अखेरच्या कथेत असे उघड होते, की वेबी ही मिसेस बीकलीची नात नसून स्क्रूजच्याच अंशापासून निर्माण केलेली, म्हणजे त्याची मुलगी आहे. रक्ताचे नाते नसताना जे मूल या घरात आपले झाले होते, त्याला अखेर रक्ताचे प्रमाणपत्र देण्याची काय आवश्यकता होती? जुन्या मालिकेतील वेबी बावळट होती खरी; पण ती स्क्रूजला आपला मानी आणि तो तिला आपली मानी, आणि त्याचा पुरावा कोणी मागितला नव्हता. येथे जुने लोक अधिक शहाणे होते. माझ्या पत्नीने ते ऐकून फक्त ‘हं’ एवढेच म्हटले. भाच्याला मात्र तो शेवट अतिशय आवडला, आणि यावर आमचा दूरध्वनीवरून अजूनही वाद चालतो.

कारण तो आता पुण्यास असतो. १५ एप्रिलला सामान गेले. उशी त्याने मागे ठेवली. ती आता लहान होते, असे कारण सांगितले.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. डेला पृथ्वीवर परत येते, मुलांना भेटते. पण डोनाल्ड त्या वेळी घरी नसतो. पुढे काही घोटाळा होऊन तो तिच्याच अग्निबाणात सापडतो, आणि अग्निबाण त्याला घेऊन चंद्रावर जातो. मुलांना आई मिळाली, आणि दहा वर्षे ज्याने त्यांना वाढविले तो मामा चंद्रावर अडकून बसला. घरच्यांना वाटते, की तो बिचारा विश्रांतीसाठी सहलीस गेला आहे. पुढे तो परततो, पण ते पुष्कळ भागांनंतर.

ते भाग पाहिले तेव्हा भाचा आमच्याकडेच होता आणि पोट धरधरून हसला होता. पुण्यास गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याचा दूरध्वनी आला. सायकल पोचली, शाळा बरी आहे, आई सकाळी लवकर उठविते, एवढे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, आता तू खरा चांदोमामा झालास.” मागून बहिणीचा आवाज आला, गृहपाठ झाला का म्हणून, आणि त्याने घाईने दूरध्वनी ठेवला.